सकाळचा एक रुपया

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज स्टॉल उघडला. सकाळी सात ते दुपारी चार. चार क्रेट पेरू नेले, अडीच विकले गेले. रोख सहाशे ऐंशी आले. बाकीच्यांनी स्कॅनरवर टाकले, ते स्पीकर सांगत गेला तसे कागदावर लिहिले, पाचशे दहा. ऊन होते.

ही डायरी ह्यांची आहे, खताच्या दुकानातून मिळालेली. १८ ऑक्टोबरच्या पानावर ह्यांनी लिहिले आहे, "बारामतीहून ड्रिपचे दोन जॉइंटर आणणे." १९ चे पान कोरे आहे. त्या दिवशी जॉइंटर घेऊन येतानाच ट्रकने ह्यांना उडवले. मी मधली पाने तशीच सोडून आजच्या तारखेवर लिहिते आहे. लिहायची सवय नाही. पण घरात बोलायचे कोणाशी? सासूबाई नुसत्या रडतात. सासरे बोलत नाहीत. त्यांच्याशी माझे समोरासमोर बोलणे तसेही कधी नव्हते. मामा म्हणते मी त्यांना, पण जे सांगायचे ते आत्यांकडून, म्हणजे सासूबाईंकडून सांगायचे.

स्कॅन केले की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर नाव येते. लोक विचारतात, "सौरभ रामहरी साबळे, बरोबर का?" मी हो म्हणते. मी ह्यांचे नाव उखाण्याशिवाय कधी घेतले नाही. आज सात-आठ जणांनी घेतले आणि प्रत्येकाला मी हो म्हणाले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फळीखाली च्यवनप्राशचा जुना डबा सापडला. उचलेना इतका जड. उघडला तर सगळी एकेक रुपयाची नाणी.

मामा रोज सकाळी बागेला पाणी धरून येताना स्टॉलवर थांबायचे. एक पेरू उचलायचे आणि ह्यांच्या हातावर एक रुपया ठेवायचे. पहिल्या विक्रीची भवानी करायची ती आपल्या माणसाच्या हाताने, म्हणजे दिवस चांगला जातो, असे त्यांचे होते. पेरू घरचाच. हे म्हणायचे, "तात्या, मोबाईलवर टाका की. थोड्या दिवसांनी नाणी दिसायची पण न्हाईत." मामा म्हणायचे, "हातात आलं की कळतं, आलंय. त्या स्पीकरच्या डब्यानं बोंबललं म्हून मी कसं मानू?" मग हे रुपया कपाळाला लावून खाली टाकायचे. कुठे टाकायचे ते आज कळले.

तेराव्यानंतर मी स्टॉल उघडला तसे मामा रस्त्याने येत नाहीत. ओढ्याच्या बाजूने घरी जातात. मी इथे बसते हे त्यांना आवडलेले नाही. तोंडाने बोलले नाहीत, पण वाट बदलली यावरून काय ते समजावे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वडगाव निंबाळकरहून, माहेराहून विशालदादाचा फोन. "किती दिवस राहणार आहेस तिथं? मूल नाही, बाळ नाही. महिना झाला की न्यायला येतो." मी म्हणाले, स्टॉल चालू केला आहे. तो म्हणाला, "स्टॉल त्यांचा, बाग त्यांची. तुझं काय?"

ते खरे आहे. माझे काय ते एवढेच, हा स्टॉल. तो गेला की मला इथे राहायला कारण उरत नाही. आणि मला वडगावला जायचे नाही. भावजय वाईट नाही, पण तिच्या घरात मी आयुष्यभर पाहुणी असणार.

स्कॅनरवरचे पैसे ह्यांच्या खात्यात जातात. ते मला काढता येत नाहीत. मोबाईल फुटला, कार्ड पाकिटासकट गेले. पासबुक दोन वर्षांपूर्वी भरले ते भरले, नवीन घेतलेच नाही. मोबाईलवर दिसते म्हणायचे. बँकेला कळवले तर खाते बंद होईल. खाते लग्नाआधीचे, वारस म्हणून नाव मामांचे आहे. पैसे त्यांच्याकडे जातील आणि स्टॉलही जाईल. म्हणून कळवलेले नाही. माझा फोन साधा, बटणांचा. वडगावच्या पतसंस्थेतले माझे खाते माहेरच्या नावावर.

स्कॅनर काढून टाकला तर निम्मी गिऱ्हाइके जातात. काल एका गाडीवाल्याने विचारले, "स्कॅनर नाही? मग राहू दे," आणि काच वर केली. मी घाईने पाटी पुढे केली.

मी पाणी आणायला गेले होते तेव्हा मामा येऊन गेले म्हणे. शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या सारजाबाईंनी सांगितले. "काय घेतलं न्हाय, काय बोललं न्हाय. मोबाईल धरून हुबा व्हता त्या पाटीम्होरं. फोटू काढत असंल." पाटीचा फोटो कशाला काढला असेल? दिवसभर तेच डोक्यात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सव्वासात वाजता क्रेट उतरवून पेरू मांडत होते. रस्त्यावर कोणी नव्हते. सारजाबाई अजून आल्या नव्हत्या. स्पीकर बोलला, "एक रुपया प्राप्त झाला."

मी मागे वळून पाहिले. कोणी नाही. गाडी नाही. समोरच्या उसाचे पानसुद्धा हलत नव्हते.

चुकून कोणी टाकला असेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही. सात वाजून सतरा मिनिटे. एक रुपया.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी आला, रविवारी आला, आजही आला. सात ते साडेसातच्या मध्ये कधीतरी. मी आता पावणेसातपासून स्पीकरकडे पाहत बसते. पेरू मांडायचे राहतात.

मी शिकलेली आहे. इंदापूरच्या कॉलेजमधून बी. कॉम. केले. मला भलतेसलते मानायची सवय नाही. पण जगात कोणीतरी रोज उठून ह्यांच्या नावाने एक रुपया टाकतो, आणि समोर कोणी नसते.

सारजाबाईंना सांगितले. त्या हसल्या. "तुझं पैसं बोलत्यात बाई, पर दिसत न्हाईत. माझं मुकं हाय, पर कंबरंला हाय. काढून टाक त्यो डबा."

मी म्हणाले, "काढला तर गिऱ्हाइक जातं."

"मग बोलू दे. रुपयाच देतोय, घेत तर न्हाय?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

एक साहेब आले होते, पुण्याची गाडी. स्कॅन करून म्हणाले, "साबळे कुठे आहेत?" मी म्हणाले, "शेतात." तोंडातून गेले ते गेले. त्यांनी पेरूची फोड खात खात आणखी गप्पा मारल्या. मी सहज विचारल्यासारखे विचारले, रोज कोणी एक रुपया टाकत असेल तर ते काय असते?

ते म्हणाले, "अहो, सांभाळा. फसवणारे आधी एक रुपया टाकून बघतात, खातं जिवंत आहे का. जिवंत आहे असं कळलं की मग सगळं साफ करतात."

जिवंत आहे का बघतात. मला पुढचे ऐकूच आले नाही. पेरू बांधून द्यायचे विसरले, त्यांनीच मागून घेतले.

म्हणजे कोणाला तरी संशय आला आहे. खाते चालू आहे आणि माणूस नाही, हे कोणाला तरी कळले आहे. चोर असेल किंवा सरकार असेल. मेलेल्या माणसाच्या खात्यात मुद्दाम पैसे घ्यायचे, बँकेला सांगायचे नाही, विचारले तर शेतात आहेत म्हणायचे. याला काय शिक्षा असते मला माहीत नाही. कोणाला विचारले तर त्याला कळेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सात वाजता स्पीकर बंद करून ठेवला. आठ वाजता चालू केला. बरे वाटले. दुपारी गर्दीत चालू आहे की नाही ते पाहिलेच नाही, बॅटरी उतरली होती. दोघे मोटारसायकलवाले दोन किलो घेऊन मोबाईल दाखवून गेले, पैसे गेले म्हणाले. गेले की नाही मला कसे कळणार? म्हणजे तो बोलला तरी भीती आणि नाही बोलला तरी नुकसान.

उद्यापासून चालूच ठेवायचा. वर टॉवेल टाकून ठेवायचा, आवाज कमी येतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सारजाबाईंनी आज नवीनच सांगितले. "तुजा सासरा मोबाईल शिकतोय, म्हाईत हाय का? शंभूराजच्या सलूनात बसतोय रोज सांजंचा. दाढी न्हाय, काय न्हाय. पंधरा दीस झालं. म्हातारपणी सुचलंय."

मी विचारले, काय शिकतात?

"पैसं पाठवायचं. शंभूराज सांगत व्हता, तात्याचं बोट थरथरतंय, चार डाव चुकतंय, मग रागवून मोबाईलला शिव्या देतोय. बँकंचं समदं जोडून दिलंय म्हणला त्यानं."

आता सगळे जुळले. पाटीचा फोटो काढला, बँकेचे शिकून घेतले. वारस म्हणून नाव त्यांचेच आहे. मोबाईलवरूनच पैसे काढून घेता येत असतील. त्यांचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण तोंडाने सांगायला काय हरकत होती? मी आपण होऊन कागद लिहून दिला असता. रोज संध्याकाळी एका ताटाच्या अंतरावर बसून जेवतो आम्ही.

आणखी एक लिहून ठेवते. गेले आठ दिवस मी उठायच्या आधी पेरू तोडून, पुसून, क्रेट भरून अंगणात ठेवलेले असतात. मामाच करतात. आधी वाटले मदत आहे. आता वाटते, माल मोजून ठेवतात. मी किती विकते ते त्यांना पाहिजे आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल विक्री पडली. रोख, मोबाईल सगळे मिळून तीनशे झाले. रात्री भाकरी करताना आत्यांनी विचारले तेव्हा सांगितले. आत्या म्हणाल्या, "व्हतंय. एखादा दीस तसा असतोय." मामा ओट्यावर होते. ऐकले असेल.

आज सकाळी सव्वासात. टॉवेलाखालून आवाज आला. "अकरा रुपये प्राप्त झाले."

मी खाली बसले. त्या साहेबांनी सांगितले होते, आधी एक रुपया आणि मग वाढवत नेतात. आता वाढवायला लागले. हातातला पेरू तसाच धरून किती वेळ बसले कळले नाही. एक बाई गाडीतून उतरून, "ताई, बरं नाही का?" म्हणाली. तिला पेरू कापून दिला, लक्ष स्पीकरकडे होते, बोट कापले. तिने रोख दिले. पन्नासची नोट. मुठीत धरल्यावर जरा बरे वाटले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा एक रुपया. कमी का झाला, तेही कळत नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दादाचा फोन. रविवारी, सात तारखेला येतो म्हणाला. टेम्पो बघू का, सामान किती आहे? मी म्हणाले, सामान कसले, एक पेटी. फोन ठेवल्यावर वाटले, हे काय बोलले मी. जणू ठरलेच.

आत्यांना सांगितले. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुज्या मामास्नी सांगते." नंतर आतून त्यांचे बोलणे ऐकू आले, पण शब्द कळले नाहीत. मामा एकच वाक्य बोलले आणि बाहेर गेले.

२ डिसेंबर, मंगळवार

आज बँकेत गेले. आत्यांना सांगितले तहसीलला जाते, नावाच्या दाखल्याचे काम आहे. साडेदहाच्या एस.टी.ने इंदापूर. मृत्यूचा दाखला पर्समध्ये होता. दाखवायचा की नाही ते ठरवले नव्हते.

काउंटरवर तरुण मॅडम होत्या. मी म्हणाले, माझ्या मिस्टरांच्या खात्यात रोज कोणीतरी एक रुपया टाकते, ते बंद करा.

"ते स्वतः का नाही आले?"

रांगेत मागे माणसे होती.

"ताई, खातेदाराशिवाय मला काही सांगता येत नाही. त्यांना पाठवा."

"ते नाहीत," मी म्हणाले. हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले. घरी सगळ्यांना माहीतच होते, बोलायची वेळ आली नव्हती. मग दाखला काढून दिला. आणि सगळेच सांगितले, सहा आठवडे कळवले नाही, खात्यात पैसे घेतले. काय शिक्षा असेल ती सांगा म्हणाले.

मॅडमनी मला खुर्ची दिली. शिक्षा नसते म्हणाल्या. पण आता कळले म्हटल्यावर खाते थांबवावे लागेल. पैसे येणार नाहीत, जाणार नाहीत. वारसाने दाखला घेऊन यायचे, सही करायची, मग पैसे त्यांना मिळतात. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिले. खाली खाली जात राहिल्या. मग थांबल्या.

"वारस रामहरी साबळे. हे सासरे का?"

"हो."

"ते मोबाईल वापरतात?"

"शिकतात म्हणे."

त्यांनी पडदा माझ्यापासून जरा वळवला. "हा एक रुपया कोणाचा, ते मला तुम्हाला सांगता येणार नाही. पण घाबरू नका. फसवणूक नाही ही. सासऱ्यांना घेऊन या. दोघे बरोबर या."

घाबरू नका म्हणणे सोपे आहे. मी येताना एस.टी.त खिडकीशी बसले आणि निमगाव केतकी कधी गेले ते कळले नाही. आता मामांना सांगावे लागेल. माझ्या तोंडाने, समोर उभे राहून. मी तुमच्यापासून पैसे लपवले. मी खोटे बोलून बँकेत गेले. त्यानंतर त्यांनी मला ठेवायचे कशाला?

रात्री सांगायचे ठरवले होते. ताट वाढले, पाणी दिले. सांगितले नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सात वाजता पेरू मांडले. टॉवेल काढून ठेवला. सव्वासात झाले. साडेसात झाले. स्पीकर बोलला नाही. इतके दिवस जे थांबावे म्हणून तळमळत होते ते थांबले, तर आता त्या शांततेचीच भीती वाटू लागली. मी तीनदा बटण पाहिले.

पावणेआठला मामा आले. ओढ्याकडून नाही, रस्त्याने. पायाला बागेतला चिखल होता. मी पदर घेतला आणि बाजूला सरकले. ते फळीपासून दोन हात लांब उभे राहिले. हातात ह्यांनी नवा घेतल्यावर त्यांना दिलेला जुना मोबाईल. माझ्याकडे न पाहता पेरूंकडे पाहून म्हणाले,

"आज जाईना. चार डाव केलं. न्हायच म्हणतंय."

मला आधी कळले नाही. मग त्यांनी मोबाईल फळीवर ठेवला. पडद्यावर ह्यांचे नाव होते, पूर्ण. मधले नाव त्यांचे स्वतःचे. खाली ओळीने एक, एक, एक, एक. मध्ये एकदा अकरा.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. बँकेत गेले, सांगून टाकले, खाते थांबले, पैसे तुमच्या सहीने मिळतील, असे काहीतरी. आत्यांशिवाय त्यांच्याशी इतके बोलायची ही पहिलीच वेळ.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "बरं झालं. कदीतरी सांगायचंच व्हतं." मोबाईल उचलत, "भवानी करायची म्हून टाकत व्हतो. तुज्या हातावर कसा ठिवायचा रुपया? सासरा-सून आपुन. लोक बगत्यात. त्यो म्हणायचा मोबाईलवर टाका, म्हून शिकलो."

मी मान खाली घातली.

"सहीला कवा जायचं ते सांग. आन् पाटी तुज्या नावाची लाव. शंभूराज करून देतोय, पर मोबाईल चांगला लागंल. त्या पैशातनं घे."

मग त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला. एका खिशात, मग दुसऱ्यात. दहाची नोट निघाली, तंबाखूची पुडी निघाली. रुपया निघाला नाही. ते सारजाबाईंच्या टपरीकडे वळले. "सारजे, रुपाया हाय का?"

सारजाबाई म्हणाल्या, "रुपाया कुटला आलाय तात्या आता? रुपायाच्या बदल्यात समदी गोळी देत्यात. गोळी देऊ का?"

मामा तसेच उभे राहिले. आठ वाजून गेले होते. दोन गाड्या आल्या, मी त्यांच्याकडे गेले नाही, त्या निघून गेल्या.

मी फळीखालून च्यवनप्राशचा डबा काढला आणि झाकण उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी आत पाहिले. लगेच कळले नाही त्यांना. मग कळले. हात डब्याच्या काठावर तसाच राहिला. कितीतरी वेळाने त्यांनी वरचा एक रुपया उचलला, बंडीला पुसला आणि फळीवर, माझ्या बाजूला, ठेवला. एक पेरू घेतला.

चार पावले गेले आणि न वळता म्हणाले, "रविवारी तुजा भाऊ येतोय. चांगलं बघून पाच किलो बांधून ठिव. मोकळ्या हातानं माघारी नगं धाडायला त्येला."

ते रस्त्यानेच गेले.

रुपया कपाळाला लावला आणि डब्यात टाकला. शाई फिकी झालेली पाटी अजून समोर आहे. कोणी स्कॅन केले तर पैसे जाणार नाहीत, आज सगळ्यांना रोख द्या म्हणावे लागेल, आणि निम्मे लोक काच वर करतील. रविवारी दादा काय म्हणेल, बँकेत किती दिवस लागतील, मला माहीत नाही. भीती गेलेली नाही.

तिखट-मीठ संपत आले होते. दोन वाट्या मीठ घेतले, एक वाटी तिखट घातले, हाताने मिसळले आणि डबी भरून ठेवली. कापलेल्या बोटाला झोंबले.